तोंड आलं, पण आलं कुठनं?

कमलनगरच्या आमच्या गल्लीत माणूस भेटला की कोणी शरणु शरणार्थी म्हणतं, कोणी रामराम म्हणतं, आम्ही जयभीम म्हणतो. शरणप्पा म्हणतो, "आ कर."

आणि खिशातली बॅटरी काढतो. तुम्ही आ केलात तर बरं, नाही केलात तर तो हनुवटी धरतो. एकदा त्यानं हनुवटी धरली की दुसऱ्या वेळी माणूस आपणहून आ करतो. त्या हातांनी चाळीस वर्षं बैलांची तोंडं उघडलीत.

शरणप्पा हेडी होता, म्हणजे बैलबाजारातला दलाल. देवणी बैलाचा नुसता ओठ वर केला की दोन दाती का चार दाती का जुळलेला, म्हणजे सगळे दात आलेला, सांगून मोकळा. मालक वय चोरायला लागला तर म्हणायचा, "तोंड खोटं बोलत न्हाई. त्यातनं निघतं ते खोटं." पुढं बाजार सुटला, गुडघे गेले, पण सवय गेली नाही. एका लग्नात नवरदेवाचा मामा आपलं वय पंचेचाळीस सांगत होता. शरणप्पानं त्याला मांडवातच आ करायला लावलं आणि वऱ्हाडासमोर म्हणाला, "साठी जुळलीय." मामा न जेवता गेला.

मी दादाराव, त्याचा भिंतीला भिंत शेजारी. शाळा तिसरीत सुटली, पण कोणाचं ऐकून घ्यायची सवय मलाही नाही. म्हणून आमचं चांगलं जमतं, म्हणजे रोज भांडण होतं.

दोन वर्षांमागं त्याच्या बायकोला, गंगाक्काला, आठ दिवस ताप आला. ताप गेला आणि तोंड आलं. ते काही जाईना. गालांच्या आतून पांढरी जाळी, कोळ्यानं विणल्यासारखी, हिरड्या लालभडक, भाकरीचा पापुद्रा लागला तरी डोळ्यांत पाणी. जाईचा पाला चावून झाला, तूप लावून झालं, ज्येष्ठमध झालं. जो तो म्हणायचा, उष्णतेनं तोंड आलंय, जाईल. शरणप्पा त्याला तिथंच धरायचा.

"आलं म्हणतोस. आलं कुठनं?"

गल्लीकडं उत्तर तयार होतं. गल्ली म्हणाली, चोरून मिश्री लावत असंल. गंगाक्कानं जन्मात तंबाखूला बोट लावलेलं नाही, हे मी कोणाच्याही अंगणात उभा राहून सांगेन.

शरणप्पानं विचार केला तो बैलांवरून. जनावराला लाळ्या होतो तेव्हा आधी ताप येतो, मग तोंडात फोड येतात. हे डोळ्याला न दिसणाऱ्या विषाणूचं काम, असं गुरांचे डॉक्टर त्याला कधीतरी म्हणाले होते. झालं.

"दादाराव, ताप पुढं चालतंय अन् तोंड त्याच्या मागनं येतंय. जनावराचं असं, मग माणसाचं कामून येगळं?"

"आरं, माणूस काय रवंथ करतंय का?"

"तू करायलास की. एकच बोलणं चार दिस चघळतोस."

मग पुरावा गोळा करणं सुरू झालं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यानं उभी रेघ म्हणजे ताप आणि गोळा म्हणजे तोंड अशा खुणा मांडल्या. घरोघर जाऊन एकच विचारायचा, "तुझा ताप आधी का तोंड आधी?" चिंताकीला आम्ही एका मयतीला गेलो. लोक रडायलेत, आणि हा मयताच्या भावाला हळूच विचारतो, "जायच्या आधी तोंड आलं व्हतं का?" मी त्याला दंडाला धरून बाहेर काढला. औषधाच्या दुकानदारानं तर तोंडावर चेष्टा केली.

"अण्णा, अक्का म्हंजे काय देवणी गाय हाय का?"

"गाय असती तर डॉक्टर घरी आला असता," शरणप्पा म्हणाला.

तोपर्यंत मीही हसत होतो. मग त्याची लेक बाळंतपणाला आली आणि मुलगी झाली. विहीणबाई बाळ बघायला आल्या. गंगाक्कानं नात गालाशी धरली होती. विहीणबाई म्हणाल्या, "अक्का, तोंड जरा लांब धरा. लेकराला रोग लागंल."

एवढंच. त्या दिवसापासून गंगाक्का घरातही तोंडाला पदर लावून वावरायला लागली. नातीला मांडीवर घ्यायची, पण मान भिंतीकडं करून. आणि फळीवर तिनं आपला गिलास वेगळा ठेवला. वेगळा ठेवलेला गिलास आमच्या घरच्या माणसाला लांबून ओळखू येतो. मी शरणप्पाला म्हणालो, "कॅलेंडर गुंडाळ. उद्या बिदरला जायचं."

बिदरच्या दातांच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गुलबर्ग्याकडच्या. त्यांनी आम्हाला बाहेर बसा म्हणून सांगितलं. आम्ही दोघंही आतच खुर्च्या धरून बसलो. त्यांनी गंगाक्काचं तोंड बारकाईनं बघितलं. बघून होतं न होतं तोच शरणप्पानं त्यांच्या टेबलावर कॅलेंडर पसरलं.

"हे काय?"

"ताप अन् तोंड. आमच्या अख्ख्या गल्लीचं."

बाई हसल्या नाहीत. मोडक्या मराठीत म्हणाल्या, "लाळ्या जनावराचा रोग, अण्णा. अम्माला तो नाही."

"मग दुसऱ्या कोणच्या तापाचं?"

"तुमचा प्रश्न वेडा नाही. अशी जाळी असलेल्या काही लोकांच्या रक्तात काविळीचा एक जुना विषाणू सापडतो. सगळ्यांच्या नाही. त्याच्यामुळंच जाळी येते का, ते अजून कोणी नक्की सांगत नाही. आपण रक्त तपासू."

"अन् तंबाखू?"

"हा तंबाखूचा डाग नाही."

"परत सांगा."

"तंबाखूचा नाही."

शरणप्पानं माझ्याकडं बघितलं, जणू गल्ली मीच होतो. रक्त काढलं, मलम दिलं. मधूनमधून तोंड दाखवत जा, असं बाई म्हणाल्या. नर्सनं पुढच्या माणसाला हाक मारली, पण शरणप्पा खुर्चीवरून हलेना. दोन वर्षं सगळ्या तालुक्याला प्रश्न विचारणारा माणूस, त्यानं आधी कॅलेंडर गुंडाळून काखेत मारलं.

"बाई, नात हाय. महिन्याची. हिनं मुका घेतला तर?"

"घेऊ द्या. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रक्तात तो विषाणू निघाला तरी मुक्यानं पसरत नाही."

शरणप्पानं कान पुढं केला. "तुमचं मराठी मला कळंना. हिंदीत सांगा."

बाई गंगाक्काकडं वळल्या. "कुच नै होता, अम्मा. नवासी है ना, चुम्मा लेव."

"हिंदी बी अर्धीच कळली. कन्नडात सांगा की."

उदगीरपासून आळंदपर्यंत तिन्ही भाषांत बैलांचे सौदे केलेला हा माणूस. मी बोलणार तेवढ्यात त्यानं टेबलाखालून माझा पाय दाबला. तो बाईंकडं बघतच नव्हता. गंगाक्काकडं बघत होता.

"एनू आगंगिल्ल, अम्मा," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मुद्द माड्री." काही होत नाही, लाड करा.

गंगाक्कानं पदर तोंडावरून खाली घेतला, नीट खांद्यावर टाकला आणि उठली.

"चला," ती म्हणाली. "पोरगी उठली असंल."