दोघांतला थोरला

काशिनाथ आणि मल्लिनाथ बिराजदार हे सख्खे भाऊ एकाच उन्हाळ्यात पॉलिप झाले, आणि पावसाळा सरता सरता प्रवाळघराने त्यांच्या बायकांना कळवलं, की येऊन आपापला नवरा ओळखा आणि घरी न्या.

प्रवाळघर जिल्ह्याच्या गावी होतं, समुद्रापासून पुष्कळ लांब. माणूस फार थकला की त्याचा पॉलिप होतो, प्रवाळासारखा खडकाला चिकटून राहणारा इवलासा जीव. मग त्याला खारं पाणी, निळा दिवा आणि बसायला खडक लागतो. घरी एवढं जमत नाही म्हणून लोक तिथे आणून ठेवत. आता तिथली मोठी टाकी गळू लागली होती आणि नवी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

थोरल्याची बायको महानंदा, धाकट्याची कस्तुरा. दोघी एकाच एस.टी.ने आल्या, पण एक पुढे बसली आणि एक मागे. सासूच्या शेवटच्या दुखण्यात काशिनाथने धाकट्याला निरोप धाडला होता की नव्हता, यावरून भावांचं बोलणं बंद झालं होतं. मंडपाचा धंदा मोडला. वाटणीत खुर्च्या थोरल्याकडे गेल्या, बांबू आणि कापड धाकट्याकडे, आणि मग दोघांपैकी कुणालाच पुरा मंडप घालता येईना. नवरे बोलेनासे झाले म्हणून बायकाही बोलेनाशा झाल्या. त्यांचं असं वेगळं भांडण नव्हतं.

अधीक्षक नलावडे मॅडमनी दोघींना टाकीपाशी नेलं. कोपऱ्यातल्या खडकावर दोन पॉलिप शेजारी शेजारी उभे होते. शर्टाच्या बटणाएवढी तोंडं, कडेने पापण्यांसारखे दोरे, रंग तपकिरी, मधोमध हिरवट ठिपका.

"हे बिराजदार," मॅडम म्हणाल्या. "नावाची पाटी होती. खाऱ्या पाण्यात टिकली नाही."

"एकाच खडकावर ठेवले?" कस्तुराने विचारलं.

"आडनाव एक होतं."

"अहो, त्यांचं बोलणं नव्हतं."

"इथे कुणाचंच नसतं," मॅडम म्हणाल्या. "बघा, ओळखा."

दोघी काचेला नाक लावून बघत राहिल्या. मग दोघींनीही डाव्या पॉलिपकडे बोट दाखवलं.

मॅडमनी खुर्ची ओढली. हे त्यांना नवीन नसावं. त्या म्हणाल्या, "पॉलिपचे इथे दोन प्रकार येतात. एक झोआ, एक पॅली. दिसायला सारखेच. विष दोन्हींत असतं, पण पॅलीत जास्त. त्याला हात लावून तोच हात डोळ्याला लावलात तर थेट दवाखाना. म्हणून कुठल्या घरी काय गेलं ते आम्हाला माहीत पाहिजे. वाचा जायच्या आधी आम्ही प्रत्येकाला विचारून घेतो. थोरले झोआ म्हणाले होते, धाकटे पॅली. आता यातला झोआ कोणता, एवढंच शोधायचं."

आधी हाका मारून पाहिल्या. काशिनाथ म्हटलं तरी दोघे हलले, मल्लिनाथ म्हटलं तरी दोघे हलले. मग मॅडमनी चिमट्यात कोलंबीचा बारीक तुकडा धरला.

"ते नको," महानंदा म्हणाली. "आमच्यात चालत नाही. यांनी उभ्या जन्मात अंड्याला हात लावला नाही."

"इथे दुसरं काही नसतं, बाई."

तुकडा जवळ येताच डाव्याने तोंड मिटून तो आत घेतला. उजव्यानेही घेतला. दोघी जावांनी एकदमच मान फिरवली.

"राहिली वाळू," मॅडम म्हणाल्या. "पॅली वाळूचे कण अंगात घेतो. मांसात रुतवतो आणि ठेवून देतो. झोआच्या अंगावरून वाळू निघून जाते. हातमोजा घालून देठावर बोट फिरवलं की कळतं."

"मग सोपंच आहे," महानंदा म्हणाली. "यांनी कधी काही मनाला लावून घेतलं नाही. आई गेल्या तेव्हासुद्धा म्हणाले, झालं ते झालं. उठून आंघोळीला गेले."

"आमचे सगळं धरून बसायचे," कस्तुरा म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही.

तिनेच आधी हातमोजा चढवला आणि डाव्या पॉलिपच्या देठावरून बोट फिरवलं. देठ खरखरीत होता. तिने सुटकेचा श्वास सोडला. "हेच आमचे."

महानंदाने उजव्याला हात लावला. तिने बोट एकदा फिरवलं, मग पुन्हा फिरवलं.

"मॅडम, हेही खरखरीत लागतायत."

मॅडमनी स्वतः बघितलं. बराच वेळ बघितलं. "दोघेही पॅली," त्या म्हणाल्या. "थोरल्यांनी खोटं सांगितलं. वाईट वाटून घेऊ नका, पुष्कळ जण झोआच सांगतात."

महानंदा जमिनीवरच बसली. ओल्या फरशीवर लुगडं भिजलं तरी उठली नाही. "मला वाटायचं यांना काही लागतच नाही," ती म्हणाली. "म्हणून मी काहीही बोलायची. चारचौघांत बोलायची."

कस्तुरा तिच्याजवळ बसली. पिशवीतून बाटली काढून तिने पुढे केली. "अक्का, पाणी प्या." आणि ती प्याल्यावर विचारलं, "निरोप धाडला होता का हो त्यांनी?"

"मला ठाऊक नाही गं. झालं ते झालं म्हणाले, तिथेच मी विचारायचं थांबले."

"आमचे फोन हातात घेऊन बसायचे. रोज. लावायचे नाहीत."

मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी छिन्नीने खडकाचे दोन तुकडे केले, दोन बादल्यांत ठेवले आणि हाताला येईल ती बादली एकेकीला दिली. दोघेही पॅलीच असल्याने आता तसं देता येत होतं. परतताना जावा एकाच बाकावर बसल्या, बादल्या मांडीवर. कंडक्टरने बादल्यांत डोकावून पाहिलं आणि तिकिटं दोनच दिली.

दोघींनी आपापल्या घरी छोटी टाकी आणि निळा दिवा कसाबसा जमवला, पण नीट झोप कुणालाच लागेना. आपल्याकडे नवरा आहे की दीर, हे कळायला मार्ग नव्हता. न जाणो थोरले असले तर, म्हणून कस्तुरा टाकीपुढे डोक्यावरून पदर घेऊन बसायची. महानंदाला मनातलं बरंच सांगायचं होतं, पण ते दिराने ऐकावं असं नव्हतं.

संक्रांतीच्या सुमारास महानंदाच्या पॉलिपच्या बुडाशी एक कोंब आला आणि थोड्याच दिवसांत त्याला तोंड फुटलं. तिने नलावडे मॅडमना फोन केला. "पिल्लू झालंय का हो?"

"पिल्लू नाही," मॅडम म्हणाल्या. "तेच आहेत. जुनेही तेच आणि नवेही तेच."

महानंदाने फोन ठेवला आणि कस्तुराला लावला. तिच्याकडेही कोंब आला होता.

"मग एक मला दे, एक मी देते," महानंदा म्हणाली. "दोन्ही घरांत दोघेही राहतील. कोण कोणता ते मग कशाला बघायचं?"

दोघी बस स्टँडवर भेटल्या आणि स्टीलच्या डब्यांची अदलाबदल करून लगेच परतल्या. त्या रात्री महानंदाने टाकीतल्या दोघांनाही सांगायचं होतं ते सगळं सांगून टाकलं. दिराने ऐकलं तर ऐकलं. बोलून झाल्यावर तिला खूप दमल्यासारखं वाटलं, आणि ते नंतर कमी झालंच नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर कस्तुराचा फोन आला.

"अक्का, आठ दिवस झाले, गोडं पाणी घशाखाली उतरत नाही. मीठ घालून पिते. तुम्हाला उतरतं का?"

"नाही," महानंदा म्हणाली. "मलाही नाही."

तिने हातातल्या तांब्यात आणखी चिमूटभर मीठ टाकलं.

"तुझ्याकडचे दोघे घेऊन इकडेच ये," महानंदा म्हणाली. "मी मोठा खडक आणून ठेवलाय."