पलंगाचं फिटिंग

"बसेल हो, न बसायला काय झालं!" असं फिटिंगमास्तर फोनवर बोलून गेले आणि तिथेच माशी शिंकली.

पलीकडे सासरे होते. लाकडाच्या वखारीत जन्म घालवलेला माणूस. लेकीच्या लग्नात त्यांनी स्वतः लाकूड निवडून सागवानी पलंग करवून दिला होता. डोक्याकडची फळी उभ्या माणसाच्या छातीला लागेल एवढी उंच, आणि वजन असं की तो हलवायचा विषय निघाला की शेजाऱ्यांना एकदम बाहेरची कामं आठवत. मास्तरांनी घर बदललं आणि लेकीने नव्या बेडरूमचं वर्णन सांगितलं, तेव्हा सासरे म्हणाले होते, "त्या तिकोनी खोपटात माझा पलंग बसायचा नाही. उद्या टेम्पो घेऊन येतो आणि परत नेतो."

मास्तर लेडीज टेलर. कुणाचा एक खांदा उतरलेला असो, कुणाची कंबर कुठे सुरू होते याचाच पत्ता नसो, मास्तरांनी शिवलेला कपडा अंगावर असा बसायचा की फिटिंगमास्तर हेच त्यांचं नाव होऊन गेलं. ज्याने उभ्या आयुष्यात वाकड्या अंगांना सरळ कपडे बसवले, त्याला वाकड्या खोलीत सरळ पलंग बसवता येऊ नये? छे!

खोली मात्र खरोखर वाकडी होती. दोन रस्ते जिथे मिळतात तिथे, इस्त्रीच्या नाकासारखी ती इमारत उभी, आणि नाकाच्या शेंड्यात नेमकी मास्तरांची बेडरूम. दारापाशी ऐसपैस आणि पुढे निमुळती होत होत एका टोकदार कोपऱ्यात संपलेली. एका तिरक्या भिंतीत कपाट, दुसरीत खिडकी.

मास्तरांनी मानेभोवतीची टेप काढली आणि खोलीचं माप घेतलं. (सवयीने भिंतीला "श्वास सोडा" असंही म्हणाले.) मग कपाटाच्या भिंतीला लावून पलंग जोडला. बसला! फक्त कपाट उघडेना.

"माझे ड्रेस आत आहेत," बायको म्हणाली. ती नर्स. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. (गडबडीत एकदा मास्तरही म्हणाले होते, त्यानंतरचे दोन दिवस त्यांनी कसे काढले ते विचारू नका.)

"रोज रोज कपडे बदलायलाच हवेत का?" मास्तर म्हणाले.

सिस्टरनी नुसतं पाहिलं. पलंग खिडकीच्या भिंतीला गेला.

आता कपाट उघडत होतं, पण दार उघडेना. पलंगाचं पायथ्याचं टोक दाराच्या आड येत होतं. फट पडायची ती एवढीच, की त्यातून माणसाला फार तर चहाचा कप मिळाला असता, तोही बशीशिवाय.

"आत आलेल्याने बाहेर जायचं कसं?"

"खिडकीतून."

"आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो."

मग पलंग दाराच्याच भिंतीला लावून पाहिला, तर दारच झाकलं गेलं, म्हणून तो पुन्हा खोलीच्या मधोमध ओढला. दुपार झाली. मास्तरांच्या शर्टाचा रंग घामाने बदलला होता आणि आत्मविश्वास उसवत चालला होता. सिस्टर पलंगाच्या कडेला टेकल्या आणि फळीवरून हात फिरवत हळूच म्हणाल्या, "नेऊ दे बाबांना. दिवसभर वॉर्डात उभी राहून आले की यावर पाठ टेकायची, एवढंच मला सुख होतं. टाकू सतरंजी."

मास्तरांच्या काळजात सुई मोडली. बायको भांडली असती तर त्यांनी तिला पुरून उरायचा प्रयत्न केला असता, पण हे असलं शांत बोलणं त्यांना सोसायचं नाही.

"सतरंजी?" ते ताडकन उठले. "मी जिवंत असताना? कंडक्टरकाकांना बोलवा!"

कंडक्टरकाका शेजारचे. बसवर कंडक्टर होते, आता रिटायर झाले होते. पण घरातही उभे राहिले की वरचा दांडा शोधायचे. ते आले, कमरेवर हात ठेवून त्यांनी खोली न्याहाळली आणि सूत्रं हातात घेतली.

"मास्तर, तुम्ही त्या कोपऱ्यात शिरा आणि डोक्याची बाजू उचलून ओढा. आम्ही पायाकडून ढकलतो. आधी फिरवून घेऊ, मग बघू. आणि खुणा पक्क्या: एक ठोका म्हणजे थांबा, दोन ठोके म्हणजे जाऊ द्या. यावर मी जन्मभर बस चालवली."

"बस ड्रायव्हरने चालवली," सिस्टर म्हणाल्या.

"ठोके कुणाचे होते?" काकांनी विचारलं. विषय मिटला.

मास्तर कोपऱ्यात शिरले. काका आणि सिस्टरनी जोर लावला. पलंग कुरकुरला, हलला, फिरला आणि थेट मास्तरांच्या रोखाने निघाला. फळी पुढ्यात आली तसे मास्तर मागे सरकले. आणखी पुढे आली, आणखी मागे सरकले. मागे सरकायला आता भिंतीशिवाय काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घाबरून फळीवर मूठ आपटली.

ठक ठक!

"डबल बेल!" काका ओरडले. "जाऊ द्या!"

"अहो, थांबा!" ठक ठक!

"म्हणतायत ना जाऊ द्या! लावा सिस्टर जोर!"

ठक ठक ठक ठक!

"एक्स्प्रेस!" काका म्हणाले आणि त्यांनी अंग झोकून दिलं. फळी दोन्ही तिरक्या भिंतींमध्ये गच्च जाऊन बसली. पलंग थांबला. फळीच्या मागे, खोलीच्या नाकाच्या अगदी शेंड्यात, तपकिरीच्या चिमटीएवढ्या जागेत मास्तर उभे होते.

"मला बाहेर काढा!"

मग कपाटाचं दार करकरल्याचा आवाज आला.

"अहो," सिस्टर म्हणाल्या, "कपाट उघडतंय."

"मी अडकलोय!"

"हलू नका जरा. काका, दार बघा."

दार सताड उघडलं. खिडकीही उघडली. पलंगाच्या दोन्ही बाजूंना जायला मोकळी वाट, आणि तीही दाराकडे रुंद होत गेलेली. अडचणीची होती ती एकच जागा, टोकदार कोपऱ्याची, आणि ती फळीमागे गडप झाली होती. (मास्तरांसकट, पण कुठलंही काम म्हटलं की थोडी चिंधी वाया जायचीच.)

"पलंग थोडा मागे घ्या, मी बाहेर येतो," मास्तर गयावया करू लागले.

"आता हलवायचा नाही!" सिस्टर आणि काका एका सुरात ओरडले.

तेवढ्यात खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. सासरे जिना चढून, धापा टाकत, थेट बेडरूमच्या दारात येऊन उभे राहिले.

"जावईबापू कुठायत? पळाले?"

"इथे आहे," फळीच्या वरून मास्तरांचं डोकं बोललं.

सासऱ्यांनी चष्मा पुसला. त्यांनी दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं. कपाटाची दोन्ही दारं ताणून पाहिली. पलंगाच्या दोन्ही बाजूंनी फेरी मारली. फळी हलवून पाहिली, तर भिंतीच हलतील पण फळी हलायची नाही! अख्खी खोली श्वास रोखून उभी होती. कोपऱ्यातल्या मास्तरांना तर तो सोडायला जागाच नव्हती.

"कुणाचं डोकं हे?" सासऱ्यांनी विचारलं.

कंडक्टरकाकांनी तोंड उघडलं. सिस्टरनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"यांचं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून हेच चाललं होतं त्यांच्या मनात. नीट बसला की नाही ते पाहायला मुद्दाम मागे जाऊन उभे राहिलेत."

"हो," मास्तर म्हणाले. "मागची बाजू नेहमी तपासतो मी."

सासरे हसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मास्तरांनी त्यांचे दात प्रथमच पाहिले. "मानलं बुवा तुम्हाला! वखारीत हाडं झिजवली मी, पण हे मला सुचलं नसतं." आणि खिडकीतून वाकून ते खाली ओरडले, "ए टेम्पो! जा रे परत. पलंग इथेच राहतोय!"

मास्तर फळीवर चढले, एक पाय इकडे, एक पाय तिकडे असे क्षणभर डगमगले आणि गादीवर उताणे पडले. काकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरनी सगळ्यांदेखत मास्तरांचा हात हातात घेतला. गडावर झेंडा लावलेल्या सरदाराच्या चेहऱ्यावरही नसेल एवढं तेज त्या वेळी मास्तरांच्या चेहऱ्यावर होतं.

"उठा बरं जरा," सासरे म्हणाले. "दोन मिनिटं पाठ टेकून बघतो."

ते टेकले. दोन मिनिटांनी घोरू लागले. संध्याकाळी उठले, जेवले आणि पुन्हा टेकले. मास्तरांनी आडून आडून विचारलं, "परत जायचं कसं ठरलंय?" तर सासरे कूस बदलत म्हणाले, "टेम्पोतूनच जाणार होतो. तो तर गेला. आता राहतो की थोडे दिवस. झोप काय लागते हो इथे!"

घरात उरली एकच सतरंजी. ती सिस्टरनी घेतली, कारण त्यांना सकाळची ड्यूटी होती. मास्तर उशी काखोटीला मारून दुकानात गेले, कापड बेतायच्या टेबलावर आडवे झाले आणि लगेच त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, टेबल आखूड पडतंय. माझे पाय खाली लोंबतायत."

"मग त्यात काय एवढं?" सिस्टर जांभई देत म्हणाल्या. "घ्या की आत दुमडून."