हादग्याची सुनावणी

“हादगा स्वतः समोर बसलाय, मग त्याचा पुरावा माझ्याकडे का मागता?” हे मी शिरगुप्पेसाहेबांना तिसऱ्यांदा विचारलं. हादगा माझ्याच बाकावर, मांडीवर खडूनं हत्ती काढलेला पाट घेऊन, अंग चोरून बसला होता.

आमच्या गावात सण संपला की आठ दिवसांत त्यानं नगरपरिषदेच्या मूल्यमापन कक्षात जातीनं हजर व्हायचं असतं. परिणामाच्या रकान्यात शून्य पडलं, तर त्याचे दिवस पुढच्या वर्षी दुसऱ्याला देतात. हादग्याच्या सोळा दिवसांवर खरेदी महोत्सवाचा डोळा होता. तो सकाळीच ब्याण्णव गुण घेऊन गेला होता.

“उपस्थिती सहा,” साहेब म्हणाले. “पाच पोरी आणि तुम्ही. परिणाम काय लिहू, सुंद्राक्का?”

“मला लिहा. सासूनं मला उंबरा ओलांडू दिला तो फक्त याच्यासाठी. फेर धरून तिच्याच तोंडावर सासूची गाणी म्हटली. गाण्यांच्या वहीवरून अक्षरं लावली, शाळा पाहिली नाही. आज तुमच्यापुढं चालतेय ती जीभ यानंच दिली. याचे उपकार मी मेले तरी फिटायचे नाहीत.”

“हे वैयक्तिक झालं. रकान्यात बसत नाही.”

“राहू द्या आक्का,” हादगा पुटपुटला.

“तू गप रे!”

साहेबांनी पान उलटलं. “वाटप केलेला पदार्थ?”

हादग्यानं पिशवीतून झाकणाचा डबा काढून टेबलावर ठेवला. “ओळखा.”

“हे कार्यालय आहे.”

“हो. पण खिरापत सांगता येत नाही, साहेब. ओळखावी लागते.”

साहेबांनी डब्याकडं पाहिलं. मग दाराकडं. मग हळूच विचारलं, “गोड की तिखट?”

“तिखट.”

“भडंग?”

“नाही.”

“वाटली डाळ!” पलीकडच्या टेबलावरून मुलाणीबाई ओरडल्या.

“नाही.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं, डबा कानाशी धरून हलवला. मुलाणीबाई खुर्ची ओढून जवळ आल्या. कोथिंबीर वडी झाली, मेथीचे वडे झाले, तिखटमिठाच्या पुऱ्या झाल्या. हादगा प्रत्येक वेळी अदबीनं मान हलवत होता.

शिपाई किल्ल्या घेऊन दारात आला. “सहा वाजून गेले, साहेब. कुलूप लावू?”

“थांब रे जरा! शेंगदाणे आहेत का यात?”

मी पेन उचलून त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, “आता परिणामाच्या रकान्यात लिहा साहेब, की सहा वाजून गेले तरी साहेब उठेनात.”