नाना जोगळेकरांची थांबलेली गाडी

नाना जोगळेकरांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसते, खडू असतो. जी वस्तू त्यांच्या परीक्षेला उतरते, तिच्यावर ते बरोबरची खूण करतात. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत लिफ्टच्या दारावर, पाण्याच्या मीटरवर आणि वॉचमनच्या खुर्चीच्या तीन पायांवर ही खूण आहे. चौथ्या पायावर नाही. त्या बाजूला वॉचमन भार देत नाही.

नाना खडकीच्या कारखान्यात तपासनीस होते. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षे झाली, पण तपासणी निवृत्त झालेली नाही. माझ्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा माझ्या पत्नीने त्यांना सहज विचारले, "नाना, जावयांवर खूण करणार का?"

नाना गंभीर झाले. "वहिनी, माणसांवर खडू चालवायचा नसतो. माणूस मोजायचं गेज अजून निघालेलं नाही."

पार्किंगच्या कोपऱ्यात, खांबामागे, ताडपत्रीखाली त्यांची एक जुनी मोटारसायकल उभी असे. मी राहायला आलो तेव्हाही ती तिथेच होती. दर रविवारी दहा वाजता नाना ताडपत्री उचलत, चाके पाव फेरा फिरवत आणि ताडपत्री पुन्हा घालत. "एकाच जागी टेकून राहिला की टायर बसतो," ते सांगत. गाडी बंद आहे का, असे कोणी विचारले तर उत्तर ठरलेले असे. "बंद नाही. थांबलेली आहे."

आता मला माझ्या वाट्याचे सांगितले पाहिजे. आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि महिनाअखेरपर्यंत पार्किंग रिकामे करायचे ठरले. मी सोसायटीचा सचिव. नोटिसा लिहिण्याचा मला थोडा अभिमान आहे. शुद्ध, नेटक्या आणि कोणालाही पळवाट न ठेवणाऱ्या भाषेत मी त्या लिहितो. या नोटिशीत मी लिहिले, 'जी भंगार वाहने स्वतःच्या यंत्रबळावर फाटकाबाहेर जाऊन परत येऊ शकणार नाहीत, ती भंगारवाल्याच्या स्वाधीन केली जातील.' नियम सर्वांना होता. पण असे वाहन सोसायटीत एकच होते, हे लिहिताना मला माहीत होते.

दुसऱ्या दिवशी नोटीस परत आली. 'भंगार' या शब्दावर काट होती आणि वर 'थांबलेली' असे लिहिले होते. खाली शेरा होता: 'नापास. पुन्हा टंकलिखित करावी.' मी ती पुन्हा टंकलिखित केली नाही.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत नानांनी गाडी सुटी केली. कार्बोरेटर, प्लग, तारा, ब्रेकच्या पट्ट्या असा एकेक भाग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत जाऊन बसला. डब्याच्या झाकणावर भागाचे नाव, आणि भाग स्वच्छ होऊन परीक्षेला उतरला की खूण. एका मेकॅनिकने आपण होऊन मदतीचा हात पुढे केला. नाना म्हणाले, "बघा. हात मागे बांधून बघा." तो दहा मिनिटे बघून गेला.

पेट्रोलच्या टाकीला आतून गंज चढला होता. नानांनी तिच्यात मूठभर नट टाकले आणि टाकी मांडीवर घेऊन दोन सकाळी ती हलवत बसले. वरच्या मजल्यावरून कोणी विचारले, "नाना, ढोलपथकात नाव घातलंत?"

"घातलं असतं," नाना म्हणाले, "पण ते ताल चुकतात."

महिना संपायला तीन दिवस उरले असताना गाडीने पहिला श्वास घेतला. पार्किंगभर निळसर धूर झाला. पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाईंनी खिडकीतून विचारले, "फवारणी आहे का हो?"

"आहे. डास नसाल तर खिडकी लावा."

शेवटच्या रविवारी आम्ही समितीचे सदस्य फाटकाजवळ उभे राहिलो. गाडी चकाकत नव्हती. नानांनी रंगाला हात लावला नव्हता. मात्र प्रत्येक भागावर बारीक पांढरी खूण होती. नाना बूट घालून, जुने हेल्मेट चढवून आले. त्यांच्या हातात आणखी एक हेल्मेट होते. ते त्यांनी माझ्यापुढे धरले.

"सेक्रेटरी, बसा पुढे."

"मी?"

"मला चालवता येत नाही. मी कायम मागे बसलो."

मी पुढे बसलो आणि पायाने उजवीकडे किक शोधू लागलो. "डावीकडे," मागून आवाज आला. "गिअरचीच दांडी वर फिरवा, तीच किक. सेक्रेटरींनी नोटीस लिहिण्याआधी गाडी बघितली असती तर कळलं असतं." गाडीच्या नोंदणीची मुदत केव्हाच संपली असणार, हे सचिव म्हणून मला कळत होते. त्या दिवशी मी ते विचारले नाही.

फाटकाबाहेर वळून परत यायचे, एवढीच अट होती. पण वळणावर खांद्यावर थाप पडली. "सरळ. धायरी."

राजाराम पूल आला. पुलावर नाना बोलू लागले. गाडी त्यांची नव्हतीच. शंकर चव्हाण नावाच्या त्यांच्या कारखान्यातल्या सोबत्याची होती. तो धायरीचा. रोज पहाटे खडकीला जाताना कोथरूडला थांबून नानांना मागे घेई. पहिल्या दिवशी बसथांब्यावर म्हणाला होता, "गाडी हाय तर बसची वाट कशाला बघताय?" अकरा वर्षे नानांनी बस पाहिली नाही. मग एका सकाळी शंकर आला नाही. छातीत कळ येऊन तो रात्रीच गेला होता. त्याच्या पत्नीला, हिराबाईंना, दारातली गाडी बघवेना. नाना ती घेऊन निघाले तेव्हा हिराबाईंनी एकच अट घातली होती: विका नाहीतर ठेवा, पण भंगारात घालू नका.

नोटिशीतला माझा तो शब्द मला पुलावर पुन्हा ऐकू आला. मी वेग कमी केला. "चालू द्या," नाना म्हणाले.

धायरीत आता उंच इमारती आहेत; त्यांच्यामध्ये एक बैठे घर उरले आहे. गाडीचा आवाज गल्लीत शिरला तशा हिराबाई हात पुसत ओट्यावर आल्या.

"चालू केली व्हय, भावजी?"

"थांबली होती," नाना म्हणाले.

मी गाडी स्टँडवर लावत होतो. हिराबाई माझ्या मागे आल्या आणि पदराने माझी पाठ झटकू लागल्या. "अजून खडू चालवताय व्हय? आमच्या मालकांच्या शर्टाला बी रोज ही खूण असायची. मागं बसून काय करायचे कुणास ठाऊक. धू धू धुतलं मी."

नाना खाली वाकून, सकाळी दोनदा तपासलेला टायर पुन्हा दाबून बघत होते.

"राहू द्या, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी पदर मागे घेतला.

"तिसरा गिअर उशिरा टाकता तुम्ही," नाना टायरकडे बघतच म्हणाले. "पण चालेल."