जपानमध्ये जेवताना कोणी बोलत नाही

जपानला जायला पासपोर्ट, व्हिसा, विमानाचं तिकीट आणि रजा अशा चार गोष्टी लागतात. पहिल्या तीन मला एकवीस दिवसांत मिळाल्या. चौथीसाठी कंपनीच्या संगणकावर अर्ज उघडला, तेव्हा 'रजेचे कारण' या रकान्यात पाचच पर्याय होते : स्वतःचे लग्न, इतरांचे लग्न, आजारपण, मृत्यू आणि गावची जत्रा. हिंडणे आणि खाणे, असा पर्याय नव्हता.

आमची कंपनी चाकणला मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनवते. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि तिथल्या मापन कक्षात बिजागऱ्यांची भोकं मोजते. काम मला आवडतं. भोक मापात असतं किंवा नसतं. त्यावर कोणाचं मत विचारावं लागत नाही.

अर्ज अडला म्हणून मी मनुष्यबळ विभागात सुखदा मॅडमकडे गेले.

"जत्रा टाक ना," त्या म्हणाल्या.

"तिथे जत्रा नाहीये मॅडम."

"मग मृत्यू टाक. कोणाचा ते सिस्टिम पहिल्या दोन वेळा विचारत नाही." त्यांनी पुढचा रकाना पाहिला. "सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"म्हणजे टूरवाल्यांबरोबर."

"नाही, एकटीच."

त्यांनी चष्मा काढला. आवाज खाली आणून म्हणाल्या, "निशिगंधा, घरी सगळं ठीक आहे ना?"

तेवढ्यात दारातून जाणाऱ्या निरंजन सरांच्या कानावर 'जपान' हा शब्द पडला आणि ते जागच्या जागी थांबले.

निरंजन सर आमच्या सतत सुधारणा विभागाचे प्रमुख आहेत. त्यांच्या केबिनच्या चारही भिंतींवर जपानी शब्द लावलेले आहेत. सकाळच्या मीटिंगमध्ये दर तिसरं वाक्य 'जपानमध्ये' असं सुरू होतं. पूर्वेला सर आजवर रांजणगावपर्यंत गेले आहेत.

"हिला रजा कशाला?" सर म्हणाले. "ऑन ड्यूटी पाठवा. अभ्यासदौरा! रोज सकाळी साडेनऊच्या मीटिंगला हिचा अहवाल यायला हवा, फोटोसकट. काय पाहिलं, काय शिकलात, इथे कसं लागू होईल. तीन ओळी. जमेल?"

मी मनात हिशेब केला. आठ रजा वाचत होत्या. जमेल म्हटलं आणि सही केली. पुढे जे घडलं त्याच्या मुळाशी माझीही सही आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आपल्याकडे साडेनऊ वाजतात तेव्हा जपानमध्ये दुपारचा एक वाजलेला असतो, एवढं गणित मात्र माझ्याकडून राहिलं. म्हणजे रोज बरोबर जेवणाच्या वेळी, समोर वाफाळतं काहीतरी असताना, मला तीन ओळी लिहायच्या होत्या.

पहिल्या दिवशी टोकियोत मी दुकानातून भाताचा तिकोनी गोळा घेतला. वेष्टनावर एक, दोन, तीन असे आकडे होते. त्या क्रमाने ओढलं की समुद्री शेवाळाचा कुरकुरीत कागद आपोआप भाताला गुंडाळला जातो. मी असे चार गोळे खाल्ले, पहिला भुकेपोटी आणि उरलेले तीन प्रयोग म्हणून. अहवालात लिहिलं : आकडे घातले की क्रम चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी क्योतोत डोंगरावरच्या शेंदरी कमानींखालून दोन तास चालले. खाली उतरल्यावर एका खानावळीच्या काचेत प्लास्टिकचे पदार्थ मांडलेले दिसले, नूडल्सवरचं अर्धं अंडंसुद्धा हुबेहूब. मी तेच अंडं आत जाऊन खाल्लं. मी शाकाहारी आहे, पण फक्त आईसमोर. अहवाल : ग्राहकाला आधी नमुना दिसतो, मग अपेक्षाभंग होत नाही.

तिसऱ्या दिवशी नारातली हरणं. त्यांच्यासमोर बिस्किट धरलं की ती मान वाकवून नमस्कार करतात. शिकण्यासारखं काही नव्हतं, पण तीन ओळी भरायच्या होत्या. लिहिलं : वाकल्याशिवाय बिस्किट मिळत नाही.

चौथ्या दिवशी पावसात भिजत मी नूडल्सच्या अशा दुकानात शिरले, जिथे प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन बाजूंना लाकडी पाट्या लावलेला स्वतंत्र खण असतो. समोरचा छोटा पडदा वर होतो, दोन हात वाडगा ठेवतात आणि पडदा खाली येतो. एकट्या माणसाला असं काही न विचारता, न न्याहाळता कोणी जेवू देतं, याचं मला इतकं सुख झालं की मी जरा सढळ हातानं लिहिलं : इथे जेवताना कोणी बोलत नाही. माझं जेवण अकरा मिनिटांत झालं.

पाचव्या दिवशी ओसाकात आठ खुर्च्यांचं एक दुकान सापडलं. तापलेल्या लांब लोखंडी तव्यापलीकडे सत्तरीची बाई कोबीची जाड धिरडी उलटत होती आणि बाकीचे सातही जण एकाच वेळी बोलत होते. मला जपानी येत नाही, त्यांना मराठी येत नव्हतं. तरी बाईंनी माझ्या हातात उलथनं दिलं, माझं धिरडं फाटलं, सगळे ओरडले, शेजारच्या आजोबांनी स्वतःच्या धिरड्यातलं अर्धं माझ्याकडे सरकवलं. एक वाजला. फोन वाजला. तो एक तास मला कोणाला द्यावासा वाटला नाही. मी लिहिलं : आज विशेष निरीक्षण नाही.

उरलेले तीन दिवस मी देवळं पाहिली आणि खाल्लं.

परतल्यावर सोमवारी भोसरीहून कंपनीच्या बसने चाकणला उतरले आणि नेहमीप्रमाणे दहाच्या चहाला कँटीनमध्ये गेले. चहाच्या खिडकीसमोर रांग होती. पुढचा माणूस खिडकीपाशी पोचला, कमरेत वाकला, मग त्याच्या बशीत दोन बिस्किटं पडली. त्याच्या मागचाही वाकला.

"भैरूदादा, हे काय?" मी विचारलं. भैरूदादा आमचे कँटीनवाले. मूळ इथल्याच गावचे.

"तुमीच पाठिवलंय की म्याडम," ते म्हणाले. "वाकल्याबिगर बिस्कुट न्हाई. सायबांचा कागद हाय. आमी काय करावं?" मग जरा दबकत, "तुमीबी वाका आता. क्यामेरा हाय वर."

मी वाकले. बिस्किटं मिळाली. निष्कर्ष नाराशी तंतोतंत जुळला.

कँटीनच्या दारात काचेची पेटी होती. तीत प्लास्टिकच्या दोन पोळ्या, भात, आमटी आणि वांग्याची भाजी. नमुना वांग्याचा बनला असल्यामुळे गेले पाच दिवस भाजी वांग्याचीच होती, कारण पदार्थ नमुन्याशी जुळला नाही तर तो नापास होतो. गेल्या मंगळवारी भैरूदादांनी मटकीची उसळ केली होती. ती नियमाप्रमाणे लाल पट्टी लावून वेगळी ठेवण्यात आली. ताटातल्या पदार्थांना एक ते पाच आकडे चिकटवले होते. लोणचं पाचवं. पोळीच्या आधी लोणचं चाटताना सापडलेल्या एका फिटरला समज देण्यात आली होती.

एवढं मला हसून सोसवलं असतं. मग मी आतला हॉल पाहिला.

लांब टेबलं नव्हती. त्या जागी प्लायवूडचे खण होते. एकशे बारा. मी मोजले. प्रत्येक खणात एक स्टूल, समोर भिंत, भिंतीवर 'शांतता म्हणजे गुणवत्ता'. जेवणाची सुट्टी तीस मिनिटांवरून वीस मिनिटांवर आली होती. कागदावर लिहिलं होतं : जपानमध्ये अकरा मिनिटे लागतात, तरी आपल्या सवयींचा विचार करून नऊ मिनिटांची सवलत.

सतराव्या खणात सुमनताई चहा घेत बसल्या होत्या. सुमनताई लातूरकडच्या, तपासणी विभागात एकोणीस वर्षं. चार वर्षं मी रोज त्यांच्या समोर बसून जेवले आहे. प्रेसवरचा सुजित त्यांच्या शेजारी बसायचा, त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी पळवायचा आणि बोलता बोलता सांगून टाकायचा, "ताई, आज डाय जरा गरम वाटतोय राव." साचा तापला की माप हलतं, म्हणून जेवण झालं की सुमनताई आधी सुजितचे नग तपासायच्या. ही पद्धत कुठल्याही भिंतीवर लिहिलेली नव्हती.

"काय गं माय," खणातूनच आवाज आला. मान वळवता येत नव्हती. "जपानला गेलीस ते गेलीस, आमचं टेबल कामून नेलंस?"

"ताई, मी नाही हो—"

"श्श!" मागून पर्यवेक्षक म्हणाला.

मी मापन कक्षात जाऊन आकडे काढले. खण बसण्याआधी हजारात तीन नग नापास होत. आता अकरा. आलेख छापून मी निरंजन सरांपुढे ठेवला.

"बघा!" सर खूश झाले. "आधी दोष लपत होते. आता दिसायला लागले."

"सर, जपानमध्येही लोक जेवताना बोलतात. ओसाकात तर सगळे एकदम बोलत होते."

सरांनी फाइल उघडली. "पाचवा दिवस. ओसाका. 'आज विशेष निरीक्षण नाही.' खाली तुमची सही."

पंधरा दिवसांनी बिजागऱ्या घेणाऱ्या कंपनीची तक्रार आली आणि तिच्यामागून त्यांचे जपानी इंजिनिअर आले, तानाका साहेब. नऊ वर्षं पुण्यात आहेत, मराठी समजतं. सरांनी त्यांना मानाने पहिल्या खणात बसवलं. तानाका साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, मग आकडे चिकटवलेल्या ताटाकडे. ताट उचलून ते बाहेर गेले आणि भैरूदादांशेजारी पायरीवर बसून जेवले. जाताना त्यांनी विचारलं, "इथे माणसं एकमेकांना दोष कधी सांगतात?"

ते गेल्यावर सर खिन्न झाले. "फार वर्षं भारतात राहिलेत," ते म्हणाले. "बिघडलेत."

टेबल परत आणण्याचा एकच मार्ग उरला होता आणि तो मला नियमपुस्तकात सापडला. आमच्याकडे प्रत्येक बदलाला आधार म्हणून एका कागदाचा क्रमांक द्यावा लागतो. आधाराचा कागद रद्द झाला की बदल रद्द. खणांचा आधार होता माझा चौथ्या दिवसाचा अहवाल. दौरा अभ्यासाचा नव्हताच असं ठरलं तर अहवाल रद्द होणार होता. त्यात माझ्या वाचलेल्या आठ रजाही जाणार होत्या. त्यातल्या सहा मी मनातल्या मनात जपानच्या उत्तरेला, होक्काइदोत खर्चसुद्धा केल्या होत्या.

दोन दिवस मी खणात जेवून पाहिलं. नूडल्सच्या दुकानातला खण मी निवडला होता. हा माझ्यावर बसवला होता. माप दोन्हींचं सारखंच, साठ सेंटिमीटर.

तिसऱ्या दिवशी मी सुखदा मॅडमकडे अर्ज दिला : 'मी जपानला केवळ हिंडायला आणि खायला गेले होते. तिथे मी कंपनीच्या उपयोगाचं काहीही शिकलेले नाही.'

"असं लेखी देतं का कोणी?" त्या कळवळून म्हणाल्या. "आता कारण काय टाकू?"

"जत्रा टाका."

आठ रजा कापल्या गेल्या. अहवाल रद्द झाला. सुतार बोलावला गेला. सुमनताईंनी त्या दिवशी मुद्दाम जास्तीची चटणी आणली.

दुपारी बारा वाजता सुतार परत पाठवण्यात आला.

"आधार मिळाला," निरंजन सर म्हणाले आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. व्हॉट्सअॅपवर एक मेसेज होता : 'जपानमध्ये जेवताना कोणीही बोलत नाही. अकरा मिनिटांत जेवण! म्हणूनच त्यांच्या रेल्वेला एका सेकंदाचाही उशीर होत नाही. आणि आपण? विचार करा.' खाली जोडलेले चार हात, वर 'अनेकदा पुढे पाठवलेला'.

"सर, हे माझंच वाक्य आहे. तुम्हीच ते ग्रुपवर टाकलं होतंत. मीच ते आता रद्द केलंय."

"निशिगंधा, तुम्ही विज्ञानाच्या आहात," सर समजुतीने म्हणाले. "तुमचं निरीक्षण एका माणसाचं. हे हजारोंनी पाठवलंय. नमुना कोणाचा मोठा?"

मी हॉलमध्ये जाऊन सुमनताईंच्या शेजारच्या खणात बसले. त्यांनी पाटीच्या वरून चटणीची डबी माझ्याकडे दिली.

"जाऊ दे गं," त्या कुजबुजल्या. "पण मेसेज लई चांगला हाय बघ. मीबी लेकीला धाडला. पोरं जेवताना लई बडबड करत्यात तिची."

तो मेसेज मला आतापर्यंत सतरा जणांनी पाठवला आहे. मोजायची सवय असल्यामुळे मी नावं आणि वेळा लिहून ठेवल्या आहेत. सतरापैकी एकानेच खाली विचारलं होतं, 'तू जाऊन आलीस ना? खरंय का गं हे?' मला फार बरं वाटलं. मी तव्यापासून सगळं सविस्तर लिहायला घेतलं. उत्तर पूर्ण व्हायला सहा मिनिटं लागली. पाठवायच्या आधी पाहिलं तर त्याच व्यक्तीने तोच मेसेज आम्ही दोघंही असलेल्या एका ग्रुपवर टाकलेला होता, चौथ्याच मिनिटाला.

नाव मी इथे लिहीत नाही. तुमचं तुम्हाला आठवत असेलच.