मोगरी म्हशीच्या तसबिरीची हकीकत

श्री सर्वरंगधारिणी शारदा प्रसन्न. शके १९३२, विकृतीनाम संवत्सरे, चैत्र मासी, राज्याचे गुरांचे दवाखान्यात संगणक दाखल जाहला, तेथपासून जे वर्तमान घडले ते साद्यंत लिहितो. राज्याचे नाव पुसो नये. नदी, बाजार आणि दवाखाना इतके असले म्हणजे राज्यास काय उणे? त्या दवाखान्यात वैजयंताबाई कोलते नामे कारकून होत्या. कामात चोख, बोलण्यात मोजक्या, परंतु चित्रांचा नाद बहुत. शिक्षण कोणापाशी घेतले नाही. दुपारी डबा खाऊन हात मोकळा जाहला म्हणजे बाईंनी संगणकावर कोरा फलक उघडावा आणि माऊस धरून रेघ ओढावी. माऊसने चित्र काढणे म्हणजे साबणाच्या वडीने लिहिणे. हात जाई पूर्वेस आणि रेघ जाई आग्नेयेस. पहिली गाय सिद्ध जाहली ती पशुवैद्य साबळे साहेबांनी पाहिली आणि गंभीरपणे पुसिले, "बाई, या पेटीला शेपूट कशाला?" बाई रागावल्या नाहीत, उलट पोट धरून हसल्या, आणि मग दुसरे दिवशी दुसरी गाय काढावयास बसल्या. ऐसे करता करता काही वर्षांत गाय गाईसारखी दिसो लागली.

पुढे मोबाइलचा अंमल सुरू जाहला. बाईंनी माऊस ठेविला आणि बोटानेच काढू लागल्या. बोट जाड, पडदा लहान, डोळा काढावयास जावे तो अर्धे मुख झाकले जाई. सबब चित्र मोठे करून आज नाकपुडी, उद्या कान, ऐसा एकेक मुलूख सर करीत चालल्या. यजमान त्र्यंबकराव गणिताचे मास्तर, ते स्वयंपाकघरातून पुकारीत, "अहो, पोळ्या निवतायत. कोणता कान चाललाय?" आणि बाई म्हणत, "डावा. तुम्ही बसा, उजवा झाला की आलेच." परंतु हेच त्र्यंबकराव एके दिवशी शहरास जाऊन टॅबलेट आणि त्याची लेखणी घेऊन आले आणि बाईंपुढे ठेवून म्हणाले, "बोटाला आता सुटी द्या." बाईंच्या आनंदास पारावार राहिला नाही. लेखणी हलके टेकविली तर केसासारखी रेघ उमटे, दाबिली तर सारवणाचा पट्टा. चित्राचे थर निराळे ठेविता येत, म्हणजे खालचे रान न बिघडविता वरची गाय पुसावी. आणि चुकले तर एका टिचकीत चूक नाहीशी. ब्रश तरी किती! केसांचा, धुक्याचा, पाण्याचा, चकाकीचा. बाईंनी सारे वापरिले, आणि मग त्यांच्या गाई ऐशा झळकू लागल्या की पाहणारे वाहवा करीत आणि बाईंस वाटले, विद्या हस्तगत जाहली.

ऐसे असता शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, गुरांच्या बाजारात हौसाबाई वाघमोडे यांची मोगरी नामे म्हैस दावे तोडून गर्दीत नाहीशी जाहली. हौसाबाई एकट्या, त्यांचे घर त्या एका म्हशीच्या दुधावर चाले. त्या रडत दवाखान्यात आल्या. म्हशीच्या कानातील बिल्ला मागेच गळून पडला होता, आणि फोटो म्हणावा तर पुतण्याच्या लग्नातला एक. त्यात वऱ्हाड सारे होते आणि मोगरीचे शेपूट तेवढे आले होते. तेव्हा वैजयंताबाई म्हणाल्या, "मी चित्र काढते, तुम्ही धीर धरा." आणि मग केसांचा ब्रश, चकाकीचा ब्रश, ऐसी सारी फौज मैदानात उतरविली आणि घटकाभरात म्हैस उभी केली, काळी कुळकुळीत, डोळे पाणीदार. हौसाबाईंनी पदराने डोळे पुसून पाहिले, पुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, "लई झ्याक हाय वो बाई. पर ही कुनाची?"

बाईंचा चेहरा उतरला. टॅबलेट मिटून ठेवावा ऐसे मनात आले. परंतु समोर हौसाबाई आशेने पाहत होत्या, सबब बाईंनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढिली आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. तुमची मोगरी कशी आहे ते तुम्हीच सांगा."

"माजी मोगरी देखनी न्हाई वो," हौसाबाई म्हणाल्या. "डावं शिंग खाली आलंय, कानाला टेकतंय. कपाळाचं क्यास करडं. आन् बगती अशी, जनू आपनच तिचं काय तरी चोरलंय." हे सांगता रडत्या हौसाबाईंस हसू आले. बाईंनी सारे थर पुसिले, सारे ब्रश दूर केले, साधी एक रेघ तेवढी हाती ठेविली. काळा रंगही मोडिला; पाठीवर तांबूस, पोटाखाली निळसर, गुडघ्यांस राखी ऐसा लाविला. शिंग काढिता लेखणी घसरली आणि रेघ वाकडी उतरली, चूक पुसावयाच्या टिचकीस बोट गेले, परंतु हौसाबाई ओरडल्या, "ऱ्हाऊ द्या! अस्संच हाय!" आणि मग त्या हुकूम सोडू लागल्या, "नाकाड रुंद करा. हां. आता व्हट लोंबू द्या." शेवटी बाईंनी डोळा काढिला आणि हौसाबाई उठून उभ्या राहिल्या, पडद्यावर हात ठेविला आणि म्हणाल्या, "मोगरे, कुठं गं हाईस?" हात लागताच म्हशीवर मोठा फराटा उमटला, तो बाईंनी डोळे पुशीत काढून टाकिला.

तसबीर गावोगावच्या मोबाइलांवर रवाना जाहली. दुसरे दिवशी नदीपलीकडील गुऱ्हाळावरून फोन आला, "हितं एक म्हस उसाची चिपाडं खात हुबी हाय. चितरात बगती तशीच आमच्याकडं बगतीया." तत्काळ टेम्पो करून हौसाबाई, वैजयंताबाई, त्र्यंबकराव आणि साबळे साहेब ऐसी स्वारी कूच करून गेली. हौसाबाईंनी धावत जाऊन मोगरीच्या गळ्यास मिठी मारिली, मोगरीने त्यांस हुंगिले आणि पुन्हा चिपाडात तोंड घातले. "भवाने, घरला चल!" म्हणून हौसाबाईंनी तिच्या पाठीवर थाप दिली आणि गुऱ्हाळवाल्यांनी सर्वांस रस पाजिला. सूर्य कलता होता. साहेब निघण्याची घाई करू लागले, परंतु वैजयंताबाई हलेनात. म्हणाल्या, "पाठीवर जांभळा पण आहे, तो राहिलाच माझ्याकडून," आणि चिपाडांच्या ढिगावर बसून काढू लागल्या.

येणेप्रमाणे म्हैस धनिणीस मिळाली, आणि बाईंस आपली वाकडी रेघ प्रिय जाहली. हल्ली बाई कोंबड्या काढितात. कोंबडी जागी ठरत नाही, सबब त्र्यंबकराव दाणे घेऊन परसात उभे असतात. बाई म्हणतात, "हलू नका." त्र्यंबकराव म्हणतात, "मी कुठे हलतोय?" इतके पाहिले तैसे लिहिले. राज्यात सर्व कुशल असे.