आतली कडी

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सव्वासहाला चावीवाल्यांची बायको बाथरूममध्ये अडकली.

“अहो, दार उघडत नाहीये,” आतून आवाज आला.

चावीवाले पलंगाच्या कडेला बसून उजवा हात डाव्या हाताने दाबून धरत होते. साडेसातला हॉस्पिटलात हजर व्हायचं होतं. कंपवाताच्या गोळ्या डॉक्टरांनी आदल्या संध्याकाळपासून बंद ठेवायला सांगितल्या होत्या, कारण ऑपरेशन चालू असताना हाताचा कंप डॉक्टरांना दिसायला हवा होता. तो आता चांगला पलंगासकट दिसत होता.

“कडी काढलीस का?” त्यांनी विचारलं.

“काढली! कुलूपच अडकलंय मेलं.”

हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या दारांना कुलपं बसवली होती आणि हरवलेल्या किल्ल्या करून दिल्या होत्या. बाथरूमचं कुलूप तर दुकानातलं सगळ्यात भारी, दहा कुलपांतून निवडून आणलेलं. ते अडकणं शक्यच नव्हतं. पण गेल्या नऊ वर्षांत जे शक्यच नव्हतं तेच होत आलं होतं. आधी अंगठा थरथरला, मग मनगट, आणि शेवटी किल्ली भोकात घालायला गेलं की ती दारावर टकटक करत बसे. गिऱ्हाइकं मान वळवून उभी राहत. दुकान लेकीनेच बंद करायला लावलं.

मग आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी मेंदूत दोन तारा बसवण्याची गोष्ट काढली. कवटीला दोन छोटी भोकं, त्यातून केसासारख्या बारीक तारा आत खोलवर, आणि छातीत कातडीखाली एक बॅटरी. बॅटरीतून मंद वीज जात राहील आणि कंप आवरेल. रोग जाणार नाही, पण हात ऐकायला लागेल.

“भूल किती वेळ?” चावीवाल्यांनी विचारलं होतं.

“तारा बसवताना तुम्ही जागे असणार,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्याशी बोलत बोलतच योग्य जागा शोधायची असते. डोक्याची कातडी फक्त बधिर करू. मेंदूला दुखत नाही.”

“आणि भोक? ड्रिलनं?”

“ड्रिलनंच. पण घाबरू नका, पलीकडे गेलं की ते आपोआप थांबतं.”

“माझंही आपोआपच थांबायचं,” चावीवाले म्हणाले. “दोनदा थांबलं नाही.”

ड्रिलबद्दल काही माहीत नसलेला माणूस सुखी असतो. चावीवाल्यांनी आयुष्यभर दारांना भोकं पाडली होती. हात निसटला तर ड्रिलचं बिट कुठवर जातं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि आठ महिने त्यांच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या डोक्याच्या जागी एक सागवानी दार येत होतं. ते तयार झाले ते केवळ बायकोमुळे. “तुम्ही काही घाबरू नका, मी आहे ना,” असं ती दिवसातून दहा वेळा म्हणायची. तारीखही तिनेच घेतली, संमतीच्या कागदावर सहीही तिनेच केली.

आणि आता तीच बाथरूममध्ये अडकली होती.

लेक गाडीत बॅग ठेवून वर आली. “बाबा, अजून इथेच? आई कुठे?”

“आत. कुलूप अडकलंय.”

“तुम्ही असताना?”

चावीवाले भिंत धरून धरून दारापर्यंत आले. कपाटावरची जादा किल्ली लेकीने त्यांच्या हातात दिली. किल्ली कुलपाच्या वर लागली, खाली लागली, दाराच्या रंगावर चार ओरखडे उठले. आतून बायको म्हणाली, “कोण आहे? दार कशाला वाजवताय?”

“मीच आहे! वाजवत नाही, उघडतोय!”

शेवटी लेकीने किल्ली घेऊन फिरवली. किल्ली फिरली. उलटीही फिरली. दार मात्र हललं नाही.

“जीभ अडकली असणार कुलपाची,” चावीवाले म्हणाले. खाली वाकून फटीतून बघायला हवं होतं, पण गोळ्यांविना त्यांची पाठ फळीसारखी ताठली होती. सात वाजायला आले. आणि त्याच वेळी चावीवाल्यांच्या डोक्यात एक विचार आला. दार उघडलं नाही तर ऑपरेशन होणार नाही. बायकोला अशी आत टाकून कोण जाईल? सही केलेलं माणूसच नाही म्हटल्यावर डॉक्टर तरी काय करतील? या विचाराने त्यांना इतकं बरं वाटलं की लगेच स्वतःची लाज वाटली.

“मी समोरच्यांना बोलावते,” लेक म्हणाली.

“अजिबात नाही!”

समोरचा म्हणजे त्यांच्या दुकानासमोर अकरा वर्षांपूर्वी दुकान थाटलेला दुसरा चावीवाला. ‘पाच मिनिटांत कुठलंही कुलूप’ अशी पाटी त्याने लावली तेव्हापासून चावीवाले त्याच्याशी एक अक्षरही बोलले नव्हते. त्याचं नावही ते घेत नसत. पण लेक त्यांचं ऐकत बसली नाही. दहा मिनिटांत समोरचा हत्यारांची पेटी घेऊन दारात हजर झाला. शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली होती.

“कुठलं दार?” त्याने विचारलं. चावीवाल्यांनी मानेनेच दाखवलं. मान तशीही हलतच होती, त्यामुळे समोरचा आधी स्वयंपाकघरात गेला.

मग तो बाथरूमपुढे गुडघ्यावर बसला. किल्ली फिरवली, विजेरी लावून फटीतून वरपासून खालपर्यंत पाहिलं, दाराला कान लावला. चावीवाल्यांना वाटलं, आता हा म्हणणार, कुणी बसवलं हे असलं कुलूप. समोरचा उठला, त्यांच्या अगदी कानाशी आला आणि हळूच म्हणाला, “कुलूप झकास आहे हो. उघडंच आहे.”

“मग?”

“आतून कडी लावलीये.”

चावीवाल्यांनी दाराकडे पाहिलं. आतून नाक ओढल्याचा बारीक आवाज येत होता. आठ महिने “मी आहे ना” म्हणणारी बाई आत कडी लावून बसली होती.

“अगं,” ते दाराला टेकून म्हणाले, “कडी लावलेली आहे.”

मग ती म्हणाली, “मला नाही यायचं. मी आले नाही तर नाही होणार ना?”

“तूच तर म्हणत होतीस, घाबरण्यासारखं काही नाही.”

“तुम्हाला म्हणत होते. मला कुठे म्हणत होते?” तिचा आवाज फाटला. “त्या कागदावर सही माझी आहे. काय काय होऊ शकतं त्याची दोन पानं होती. तुम्हाला वाचून दाखवली नाहीत मी. वाचा गेली, कायमचं अंथरूण धरलं, तर ते माझ्या सहीनं होईल. असू दे तो हात तसाच. मी लावीन तुमची बटणं. मी भरवीन. नऊ वर्षं करतेच आहे ना?”

हीच वेळ होती. “बरं, राहू दे” एवढं म्हटलं की ड्रिल टळत होतं, भोक टळत होतं, दार आपोआप उघडणार होतं. चावीवाल्यांनी तोंडही उघडलं. पण आतून परत नाक ओढल्याचा आवाज आला आणि त्यांना जाणवलं की हे माणूस आठ महिने एकटंच घाबरत होतं, आणि वर त्यांना धीरही देत होतं.

“मलाही भीती वाटते,” ते म्हणाले.

“माहितीये. तीन दिवस जेवला नाहीत धड.”

“मग आत तू आणि बाहेर मी, असं वेगवेगळं कशाला घाबरायचं? गाडीत शेजारी बसून घाबरू. आणि सही मीही करतो. माझी सही वेडीवाकडी येईल, पण चालते म्हणे. दोघांच्या सहीनं होऊ दे काय व्हायचं ते.”

मग बायकोने विचारलं, “समोरचे आहेत का अजून?”

“आहेत.”

“त्यांना तोंड फिरवायला सांगा. रडून रडून अवतार झालाय माझा.”

समोरच्याने आपणहून भिंतीकडे तोंड केलं. कडी सरकली.

हॉस्पिटलात ते चाळीस मिनिटं उशिरा पोहोचले. बायको ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत त्यांचा हात धरून आली, आणि दोघांपैकी नेमकं कोण थरथरतंय हे नर्सला कळेना. पुढे ते एकटेच गेले.

डोकं हलू नये म्हणून त्याभोवती लोखंडी कडं बसवलं. ते पक्कं करताना डॉक्टरांनी आधी समोरासमोरचे दोन स्क्रू आवळले, मग उरलेले दोन. माणसाला काम येतंय, असं चावीवाल्यांना वाटलं आणि तेवढाच धीर आला. मग पाठीमागे ड्रिल सुरू झालं. दुखत नव्हतं, पण सगळी कवटी घरघरत होती. त्यांनी डोळे गच्च मिटले. बिट पलीकडे निघायच्या आधी आवाज पातळ होतो, हे त्यांना ठाऊक होतं. आवाज पातळ झाला. चावीवाल्यांनी श्वास रोखला. ड्रिल टक्कन थांबलं.

“थांबलं?” त्यांनी विचारलं.

“थांबलं,” मागून डॉक्टर म्हणाले. “आता बोलत राहा.”

तार आत जाऊ लागली. समोर बसलेल्या दुसऱ्या डॉक्टरबाई त्यांना वार विचारत होत्या, आकडे उलटे म्हणायला लावत होत्या. एकदा वीज सोडली तर ओठाला मुंग्या आल्या आणि ‘गुरुवार’ जिभेवरच घसरला. आता वाचा गेली, या भीतीने चावीवाल्यांना दरदरून घाम फुटला. बाईंनी वीज कमी केली, मागून डॉक्टरांनी तार किंचित हलवली, बाईंनी वीज पुन्हा सोडली.

चावीवाल्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून खाली पाहिलं. उजवा हात चादरीवर निपचित पडला होता. नऊ वर्षांत तो जागेपणी असा कधी पडला नव्हता.

“डॉक्टर,” ते कसेबसे म्हणाले, “हात गेला माझा!”

“गेला नाही, आजोबा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “थांबलाय. बोट उचला आणि नाकाला लावा बघू.”

त्यांनी भीत भीत बोट उचललं. ते हवेतून सरळ वर आलं आणि नाकाच्या शेंड्यावर अलगद टेकलं. त्यांनी ते खाली नेलं. पुन्हा वर आणलं. पुन्हा टेकलं.

“छान. झालं आता,” बाई म्हणाल्या.

चावीवाल्यांनी ऐकलं नाही. डोळ्यांतून पाणी कानांवर ओघळत होतं आणि बोट चादरीवरून नाकाकडे, नाकाकडून चादरीकडे जात होतं. शेवटी नर्सने त्यांचं मनगट हलकेच धरलं.

“पुरे हो आजोबा,” ती म्हणाली, “नाक लाल झालं.”